वाद्य हाताला मानवले पाहिजे

गेली काही वर्षे दहावीनंतर शाळेत भेटायला येणाऱ्या मुलांत एक-दोघे तरी गिटार शिकणारे असतात. तुडीलसारख्या गावातही आता हे नवल राहिलेले नाही. संगीताविषयी आपल्या घराघरांत मते वेगवेगळी आहेत, हे मला ठाऊक आहे. तो निवाडा या पानावर करायचा नाही. तो अधिकार माझा नाही. ज्या घरात वाद्य आधीपासून आहे, मूल ते मन लावून वाजवते आहे आणि आता ते बदलायची वेळ आली आहे, त्या घरातल्या आई-वडिलांसाठी आजचे हे चार शब्द.

विषय निघाला तो माझ्या भाच्यामुळे. वय चोवीस. महाडच्या एमआयडीसीत नोकरी, आणि सुटीच्या दिवशी चार मुलांना गिटार शिकवणे. त्याच्याकडची इलेक्ट्रिक गिटार वीस वर्षांपूर्वी त्याच्या अब्बांनी सौदीहून सुटीवर आले असताना मुंबईत घेतलेली, तीही वापरलेली. अब्बा आता हयात नाहीत. अल्लाह त्यांची मगफिरत करो. २२ जुलै २०२१ च्या महाडच्या पुरात तळमजल्यातले सगळे सामान गेले. गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली. पण पुढे कित्येक आठवडे ती त्या ओलसर घरातच राहिली.

वर्षभरापासून मुलाचे डावे मनगट दुखू लागले. तासभर वाजवले की बोटांना मुंग्या येत, खांदा भरून येई. डॉक्टरांनी मनगटाला आराम द्यायला सांगितले आणि कसा बसतोस, काय उचलतोस, तेही विचारले. मग नव्या गिटारची गोष्ट निघाली आणि बहिणीचा मला फोन आला. "आपा, आहे ती वाजते ना? मग तीस हजार कशाला घालायचे? धाकटीचं लग्न तोंडावर आलंय. आणि ती त्याच्या अब्बांची निशाणी आहे."

बहिणीचे म्हणणे चूक नव्हते. वाजती वस्तू टाकून देणे हा इसराफच. पण मुलाचे दुखणेही खरे होते. अशा वेळी "घ्यायची की नाही" यावर वाद घालत बसण्यापेक्षा आधी एक प्रश्न विचारावा: या वाद्याचे नेमके काय बिघडले आहे? ते झिजले आहे, की ते मुळातच वाजवणाऱ्याच्या अंगाचे नाही? झीज दुरुस्त होते. अंगाला न बसणारे माप दुरुस्त होत नाही.

मी उर्दू-मराठी शिकवणारी बाई. पुढची माहिती भाच्याकडून आणि त्याने गाठलेल्या कारागिराकडून समजून घेतलेली आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबके असतात आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. यालाच पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, वेढ्यांत अगदी क्षीण वीज निर्माण होते आणि अँप्लिफायर ती मोठी करून ऐकवतो. ही युक्ती साधारण १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आली. मुद्दा असा की या वाद्याचे लाकूड लवकर म्हातारे होत नाही. १९५० च्या दशकातल्या गिटारी आजही वाजवल्या जातात. झिजतात ते छोटे भाग. बोटांखालच्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. तारांच्या घासण्याने त्यांत खाचा पडतात आणि सूर खरखरतो. आवाज कमी-जास्त करायच्या बटणांत धूळ आणि ओल शिरते, मग ती फिरवताना करकर ऐकू येते. वायर खोचण्याची जागा सैल होते. तारा गंजतात. गिटारचा लांब दांडा, ज्याला नेक म्हणतात, तो ओल-उन्हाने किंचित वाकतो. त्याच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. तिचा नट थोडासा पिळून हा बाक काढता येतो. मात्र हे काम जाणकारानेच करावे. घरी पाना घेऊन जोर लावला तर नेक कायमची जायची.

या सगळ्या कामाला सेटअप म्हणतात. नव्या गिटारच्या मानाने त्याचा खर्च थोडा येतो. म्हणून पहिला सल्ला हाच: नवे वाद्य बघायला जाण्याआधी जुन्याचा सेटअप करून घ्या. नव्या तारा घाला, त्या शक्यतो बारीक घाला. सर्वात बारीक तार ०.०१० इंचाची असेल तर ०.००९ ची लावून पाहा. फरक कागदावर क्षुल्लक, बोटांना मात्र लगेच कळतो. तारांची फ्रेटपासूनची उंची बाराव्या फ्रेटपाशी दीड ते दोन मिलिमीटरपर्यंत आणता येते. तार जितकी उंच, तितका दाबायला जोर जास्त. कित्येकांचे दुखणे एवढ्यावरच कमी होते आणि तीस हजार वाचतात.

भाच्याच्या गिटारचा सेटअप झाला. करकर गेली, सूर स्वच्छ झाला, बोटांवरचा ताण थोडा उतरला. पण खांदा तसाच भरून येत राहिला. मग आम्ही घरातला सामान तोलायचा हुकाचा काटा काढला. परदेशी जाणारे माणूस असलेल्या आपल्याकडच्या प्रत्येक घरात तो असतोच. गिटार भरली चार किलो सहाशे ग्रॅम. नेक जाड, तळहातात पुरती न मावणारी. अब्बा उंच आणि रुंद पंजाचे होते. मुलगा आईच्या अंगावर गेलेला, लहान हाताचा. ही गिटार बिघडलेली नव्हती. ती दुसऱ्या माणसाच्या मापाची होती.

हे माप प्रकरण वाद्य बनवणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने काढलेली टेलिकास्टर ही गिटार म्हणजे सपाट फळी. तिच्या कडा बरगड्यांना आणि कोपराच्या पुढच्या भागाला टोचतात अशी तक्रार वादक करू लागले. फेंडरने ती ऐकून घेतली. १९५४ साली आलेल्या त्याच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये पोटाकडची बाजू खोलगट तासलेली आणि हात टेकतो तिथली कड उतरती केलेली होती. आज जगभरातल्या असंख्य गिटारी त्याच घाटाच्या असतात. स्वतः न वाजवणाऱ्या माणसाने वाजवणाऱ्याचे दुखणे ऐकले, त्याचे हे फळ.

आणि यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. आपले मिरज पाहा. तिथले सतार-तंबोरे करणारे कारागीर शिकलगार घराण्यांतले. शिकलगार म्हणजे तलवारी-हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम मागे पडत गेले, तसे फरीदसाहेबांसारखे हुन्नरी हात वाद्यांकडे वळले आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे त्यांच्या वंशजांना सतारमेकर हेच आडनाव पडले. पंढरपूर भागातले भोपळे, तूनाचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा कान यांवर मिरजेचे नाव देशभर झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच स्थायिक झाले होते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्या विषयाशी मिरजेचा संबंध दोन गोष्टींत आहे. पहिली अशी की तंबोरा सरसकट एका मापाचा होत नाही. पुरुषांच्या खालच्या पट्टीचा तंबोरा मोठा, स्त्रियांच्या वरच्या पट्टीचा लहान. गळा कोणता आहे हे आधी, वाद्य त्यानंतर. दुसरी गोष्ट जवारीची. तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून घासून तिच्यावर चरे पडतात आणि तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजणारा नाद मंदावतो. मग कारागीर घोडी पुन्हा कानसीने घासून जवारी काढून देतो आणि जुना तंबोरा पुन्हा बोलू लागतो. म्हणजे झिजलेल्याची दुरुस्ती आणि मापाचा विचार या दोन्ही गोष्टी या कारागिरीतच आहेत. गिटारला वेगळा नियम नाही.

आता खरेदीकडे वळू. ऑनलाइन स्वस्त मिळते हे खरे. पण चित्रावरून ना वजन कळते, ना नेकची जाडी. एक दिवस मोडून दुकानात जावे. पुण्याला जाता येते. आम्ही वीर स्टेशनवरून रेल्वेने मुंबई गाठली. धोबीतलाव भागात वाद्यांची जुनी दुकाने आहेत. फुर्टाडोज तर १८६५ पासूनचे. जाताना स्वतःचा पट्टा सोबत न्यावा, रुंद असलेला. अरुंद पट्टा हलकी गिटारही जड करतो.

दुकानात रंग आणि नाव शेवटी पाहावे. प्रत्येक गिटार आधी तोलावी. साडेतीन किलोच्या आत असेल तर खांद्याला सोसते. मग निदान वीस मिनिटे बसून आणि दहा मिनिटे पट्टा लावून उभ्याने वाजवावी. उभे असताना हात सोडला की दांड्याचे टोक जमिनीकडे झुकते का, हे पाहावे. झुकत असेल तर डावा हात जन्मभर ते तोलत राहणार. नेकच्या कडेवरून बोट फिरवावे. फ्रेटची टोके टोचता कामा नयेत. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून ऐकावी. तारांची लांबीही विचारावी. नेहमीची मापे दोन: सुमारे ६४.८ सेंटिमीटर आणि ६२.९ सेंटिमीटर. आखूड मापात तार थोडी सैल लागते आणि फ्रेट जवळ येतात. लहान हाताच्या मुलांना आणि मुलींना ते सोयीचे पडते. डावखुऱ्या मुलासाठी डावखुरी गिटार वेगळी मिळते, ती मागून घ्यावी.

पिकअप दोन प्रकारचे असतात, एकेरी आणि दुहेरी वेढ्यांचे. एकेरीचा आवाज लख्ख, पण ट्यूबलाइट, इन्व्हर्टर किंवा खराब अर्थिंग असेल तर तो गुणगुणतो. दुहेरी वेढे ही गुणगुण एकमेकांत मारून टाकतात, म्हणून त्याचे नाव हंबकर. गावाकडच्या घरांतली वायरिंग आणि इन्व्हर्टर लक्षात घेता तो बरा. शेवटी अँप्लिफायरला जोडून ऐकावे, तेही घरी जसा आहे तशाच साध्या अँपवर. दुकानातल्या भारी अँपवर सगळेच गोड लागते.

भाच्याने पाच गिटारी हाताळल्या. सर्वात देखणी होती ती दहा मिनिटांत खाली ठेवली. मनगट पुन्हा बोलू लागले होते. घेतली ती तीन किलो तीनशे ग्रॅमची, आखूड मापाची, पातळ नेकची, कडा उतरत्या असलेली. सत्तावीस हजार पडले. उरलेल्यात चांगली पिशवी आणि तारांचे दोन संच. पैसे त्याच्या शिकवणीचेच, सहा महिने वेगळे टाकलेले. लग्नाच्या पैशाला हात लागला नाही. मुंग्या आता येत नाहीत. तरी तो दर अर्ध्या तासाने हात थांबवतो, आणि तेच योग्य आहे. वाद्य बदलूनही बधिरपणा टिकला तर पुन्हा डॉक्टरांकडेच जावे.

अब्बांची गिटार विकली नाही. त्याच्याकडे शिकणाऱ्यांत एक उंच, रुंद पंजाचा मुलगा आहे आणि त्याच्याकडे स्वतःचे वाद्य नाही. शिकवणीच्या वेळी तीच त्याच्या हातात असते. हे बहिणीने स्वतःच सुचवले. कपाटात बंद निशाणीपेक्षा ही बरी; वाद्य वाजत राहिले की नीटही राहते.

शेवटी आपल्या पावसाबद्दल. कोकणातले चार महिने गिटारला सोपे नाहीत. बाहेरच्या भिंतीला ती टांगू नये. त्या भिंतीला ओल असते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पिशवी उघडून वारा द्यावा. नदीकाठच्या घरात जूनमध्येच वाद्य वरच्या मजल्यावर हलवावे. पावसाळा सरला की एकदा सेटअप तपासून घ्यावा. हेडफोन लावून वाजवत असतील तर आवाजाची मर्यादा मोठ्यांनी ठरवून द्यावी. मनगटाचे दुखणे सांगते तरी, कानाचे लवकर कळत नाही.

आणि खरेदीला जाताना वाजवणाऱ्या मुलाला सोबत न्या. पैसे कोणीही देवो, माप त्याच्याच हाताचे घ्यायचे आहे.