तपासणीचा दर दारावर लावा

डॉक्टर चिठ्ठी लिहितात, केंद्राचे नावही तेच सांगतात. रुग्ण मुकाट्याने तिथे जातो. दर कळतो तो काउंटरवर. यंत्र कसे आहे, अहवाल कोण देणार, हे कळतच नाही.

दर ठरवता येत नाहीत, असे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाकाळात, महाराष्ट्र शासनाने छातीच्या एचआरसीटीचे कमाल दर यंत्राच्या क्षमतेनुसार ठरवून दिले होते : १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेला २००० रुपये, १६ ते ६४ला २५००, त्यापुढे ३०००.

दर्जाचीही मोजपट्टी आहे. एक्स-रे, सीटी यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. पण ते किरणांच्या सुरक्षिततेपुरते. सेवेच्या गुणवत्तेसाठी ‘एनएबीएच’चे मानांकन आहे. ते मात्र ऐच्छिक.

‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक सोनोग्राफी केंद्रात कायद्यानेच लावावा लागतो. त्याच्या शेजारी दर आणि मानांकनाचा फलक का नको? शासनाने तो सक्तीचा करावा. तोवर पैसे भरण्याआधी आपणच विचारूया : दर किती? मानांकन आहे का? अहवालावर सही कोणाची? उसनवारी करून तपासणीला आलेल्या माणसाला एवढे विचारण्याचा हक्क नक्कीच आहे.