कांद्याची बातमी वाचताना

ऑगस्ट-सप्टेंबर उजाडला की एक मथळा हमखास छापून येतो: कांदा रडवणार. वाहिन्यांवर मंडईतल्या एखाद्या ताईंसमोर माइक धरलेला असतो, त्या म्हणतात बजेट कोलमडलं, आणि खाली पट्टीवर किलोचा भाव पळत असतो. मार्च-एप्रिलमध्ये कित्येक वर्षी नाशिक जिल्ह्यातल्या बाजारांत, लासलगावला, पिंपळगावला, उमराण्याला तोच कांदा खर्चही निघणार नाही अशा भावात जातो. त्याचीही बातमी होते, नाही असं नाही. पण ती जिल्ह्याच्या पानावर. मुंबईच्या वाचकापर्यंत पोचायचं तर कुणाला तरी ट्रॅक्टरभर कांदा रस्त्यावर ओतावा लागतो.

नाशिककरांना हे नव्याने सांगायला नको. माझं म्हणणं जरा पुढचं आहे. वर्षानुवर्षं बातमी एकाच बाजूने ऐकत राहिलं की शहरातल्या माणसाचं शेतकऱ्याबद्दलचं मत ठरून जातं. आणि हळूहळू शेतकऱ्याच्या पोराचं स्वतःबद्दलचं मतही ठरून जातं. मला काळजी या दुसऱ्याची जास्त आहे, पण पहिलं आकड्यांत सांगता येतं, म्हणून ते आधी.

किरकोळ महागाईच्या निर्देशांकात, म्हणजे २०१२ हे आधारवर्ष धरलेल्या मालिकेत, कांद्याचा वाटा ०.६४ टक्के होता. घरखर्चाच्या १०० रुपयांत ६४ पैसे. चौघांच्या घरात महिन्याला ५ किलो कांदा लागतो असं धरा. भाव ३० वरून ६० वर गेला तर महिन्याला १५० रुपये जादा. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हे दीडशे रुपये जाणवतात, त्यांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण माइकसमोर उभं राहणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी एकदा मोबाइलचं रिचार्ज, गॅस, शाळेच्या व्हॅनची फी हे सगळं शेजारी मांडून बघावं. रिचार्ज महागलं म्हणून कुठलं सरकार पडल्याचं ऐकिवात नाही. कांद्याची धास्ती मात्र प्रत्येक पुढाऱ्याला आहे. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव प्रचारात आणला; १९९८ मध्ये दिल्लीत भाजपची सत्ता गेली ती कांद्यापायी, असं तेव्हापासून मानलं जातं. म्हणून मथळे मोठे झाले की दिल्ली हलते. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात पुन्हा बंदी, ती थेट मे २०२४ पर्यंत. मंडईतल्या एका वाक्याने हे सगळं झालं असं कोण म्हणेल? पण तशी हजार वाक्यं रोज दाखवली गेली की निफाडच्या कांदाचाळीतल्या मालावर त्याचा परिणाम होतो.

बातमी वाचायची कशी, तेही सांगतो. बाजार समितीच्या भावात रोज तीन आकडे असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळ्याला बहुतेक वेळा कमाल आवडतो. कमाल म्हणजे त्या दिवशीच्या लिलावात एखाद्या निवडक ट्रॉलीला मिळालेला भाव. बाकीच्यांची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, सर्वसाधारणच्या आसपास निघते आणि बारीक कांद्याची, म्हणजे गोल्टीची, आणखी खाली. त्यातून भाव क्विंटलचा असतो. 'कांदा ४,००० वर' हे वाचून ठाण्यात बसलेल्या माणसाला वाटतं शेतकऱ्याने लॉटरी मारली. किलोला ते ४० रुपये झाले, तेही सगळ्यांना नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात विकला जाणारा हा उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये काढून चार-पाच महिने चाळीत ठेवलेला असतो. त्यातला सडका फेकलेला, कोंब आलेला निवडून काढलेला, राहिलेल्याचं वजन घटलेलं. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासानुसार गिऱ्हाइकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले साधारण ३६ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. उरलेले ६४ पैसे कुणाकुणाच्या हातातून जातात यावर मंडईत माइक धरून उभा राहिलेला वार्ताहर मी तरी क्वचितच पाहिला आहे.

आकडे चुकले तर दुरुस्त करता येतात. चेहरे एकदा मनात बसले की निघत नाहीत.

२०१८ चा मार्च आठवून बघा. ६ तारखेला नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला आणि १२ ला आझाद मैदानावर पोचला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणकडचे आदिवासी शेतकरी, बायकाही मोठ्या संख्येने, सुमारे १८० किलोमीटर पायी. पहिले काही दिवस मोठ्या वाहिन्यांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. मग सोललेल्या, फोड आलेल्या तळपायांचे फोटो फिरले. दहावीच्या मुलांची परीक्षा आहे, सकाळी रस्ते अडायला नकोत, म्हणून मोर्चा रात्रीतूनच शेवटचा टप्पा चालून गेला, त्याची बातमी झाली. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उतरले. त्या फोटोंनी शहराचं मन बदललं. हे माध्यमांचंच श्रेय आहे, ते नाकारायचं कारण नाही.

पण आता कुणालाही विचारा, तो मोर्चा कशासाठी होता? पाय आठवतात. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली वनजमीन नावावर करा, २००६ चा वनहक्क कायदा नीट अमलात आणा, ही मुख्य मागणी फार थोड्यांना आठवते. माणसं हक्क मागायला आली होती, शहराने त्यांना दया दिली. सरकारने लेखी आश्वासन दिलं. ते पुरं न झाल्यामुळे फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला, मार्च २०२३ मध्ये आणखी एकदा, आणि त्या खेपेला कांद्याच्या भावाचीही मागणी होती. पहिल्या मोर्चाच्या मानाने या दोन्हींची आठवण फिकी आहे. नवा फोटो नव्हता ना!

शेतकरीही हे शिकला. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये आले, त्याने ते पंतप्रधानांना मनीऑर्डर केले, देशभर बातमी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलोंपोटी २ रुपयांचा धनादेश मिळाला, तीही बातमी देशभर झाली. त्याच वर्षी होळीला येवला तालुक्यात एकाने कांद्याचीच होळी केली. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तिन्हींमागची चीड खरी आहे. साधा अर्ज घेऊन गेलं तर कुणी विचारत नाही, म्हणून माणसं काही करून दाखवतात. त्यांना दोष देता येत नाही. तोटा असा की जाळणारा, ओतणारा आणि गळफास घेणारा एवढाच शेतकरी पडद्यावर उरतो. पट्टीवरचं गणित मांडणारा, पाण्याचं आणि मजुरीचं नियोजन करणारा, चाळीत कांदा कधीपर्यंत धरायचा याचा अंदाज बांधणारा माणूस दिसतच नाही. कांद्याची लागवड बहुतेक बायकाच करतात, पण वाफ्यात वाकलेल्या बाईचा फोटो छापला तर खाली 'शेतमजूर' लिहिलेलं असतं. ती त्याच शेताची मालकीण असू शकते, हे मनातही येत नाही.

आता त्या पोराकडे या. तो सटाण्याचा असेल नाहीतर चांदवडचा. त्याच्या हातात फोन आहे. फोनवर त्याला शेतकऱ्याची दोनच रूपं दिसतात. एक कर्जापायी हताश झालेला, दुसरा 'नोकरी सोडली, डाळिंबातून वर्षाला इतके लाख' असा हसणारा. पहिला होण्याची भीती वाटते. दुसरा आपला बाप नाही, याची लाज वाटते. चांगल्या वर्षी दोन पैसे राखणारं, वाईट वर्षी सोसायटीचं कर्ज फिरवणारं, मधल्या वाटेने चाललेलं घर त्याला कुठेच दिसत नाही आणि जिल्ह्यातली बहुतेक घरं तर तीच आहेत. लग्नाच्या बाजारातही हेच चित्र चालतं. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला तेव्हा बातमी झाली ती बरीचशी गंमत म्हणून. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायची नाही हे ठरतं ते जमीन, पाणी, कर्ज बघून, हे मान्य. पण बोलणी सुरू होण्याआधीच नकार येतो, तो कशावरून?

पडद्यामुळे खरंच मन बदलतं का, असं कुणी विचारेल. बदलतं, आणि दर वेळी वाईटच बदलतं असंही नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. बिहार, हरियाणा, तामिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथल्या बायकांच्या त्यासाठी मुलाखती घेतल्या गेल्या. गावात केबल आल्यावर थोड्याच काळात नवऱ्याची मारहाण योग्य मानण्याचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. मालिकांना आपण नावं ठेवतो, मीही ठेवतो. पण त्यातल्या शहरी बायका बघून खेड्यातल्या बायकांनी स्वतःला निराळं मोजायला सुरुवात केली. जे चित्र रोज दिसतं त्याच्याशी माणूस स्वतःला ताडून बघतो. म्हणून ते चित्र कोण काढतंय हे महत्त्वाचं.

आपल्याकडे हे फार आधी ओळखलं गेलं होतं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये 'दीनबंधु' काढलं. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवलं, आणि तेही पन्नासहून अधिक वर्षं. शहरातली पत्रं कुणब्याला अडाणी ठरवत होती तेव्हा कुणबी स्वतःचं पत्र छापत होता. पुढे शेतकऱ्यांचे नेते शरद जोशी आले. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती घेतली आणि एका क्विंटल कांद्याला खर्च किती येतो हे मांडत बसले. त्यांनी पत्रं काढली, गावोगाव सभांत हिशेब सांगितला. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचं आंदोलन पेटलं, खेरवाडीला रेल्वे अडवली गेली, तेव्हा लोक म्हणत होते: भीक नको, हवे घामाचे दाम. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. जोशींची सगळी मतं पटायलाच हवीत असं नाही, खुल्या बाजारावरचा त्यांचा भरवसा मला जास्तच वाटतो. पण त्या काळात छातीला आंदोलनाचा लाल बिल्ला लावून एसटीत चढणारा माणूस बिचारा नव्हता. त्याला आपल्या तोट्याचा आकडा तोंडपाठ होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. शहरातल्या वाचकांनो, भावाची बातमी आली की एवढं बघा: भाव किलोचा की क्विंटलचा, कमाल की सर्वसाधारण, मंडईतला की लिलावातला. घराच्या ग्रुपवर पुढे ढकलण्याआधी बघा. माइक तुमच्यापुढे आला तर 'बजेट कोलमडलं' म्हणू नका. महिन्याला किती कांदा लागतो आणि किती रुपये जास्त गेले ते सांगा. दाखवणार नाहीत कदाचित. तरी सांगा.

शेतकरी कुटुंबांनो, कॅमेरा बांधावर आला तर नुसता सडलेला कांदा दाखवू नका. बियाणं, उळं टाकणं, लागवड, खुरपणी, काढणी, चाळ, गाडीभाडं, हमाली, तोलाई असा एकरी हिशेब कागदावर तयार ठेवा आणि तो कागद कॅमेऱ्यासमोर धरा. तो हिशेब घरातल्या कॉलेजच्या पोराकडून, पोरीकडून करून घ्या. 'शिकला नाहीस तर शेती करावी लागेल' हे वाक्य घरात बोलू नका. शेती सोडायची तर खुशाल सोडू दे, आकडे बघून सोडू दे. सातबाऱ्यावर बायकोचं नाव असेल तर वार्ताहराला ते आधी सांगा.

आणि जिल्ह्यातल्या सगळ्याच वाचकांनो, तुम्ही जे वर्तमानपत्र विकत घेता त्याच्या संपादकांना पत्र लिहा. दोन ओळी पुरेत: मथळ्यात कमाल भाव दिलात तर त्याच अक्षरांत किमान आणि सर्वसाधारणही द्या, आणि निर्यातीवर बंदी किंवा शुल्क आलं की त्या दिवशीच्या आणि आठ दिवसांनंतरच्या लिलावाचे आकडे शेजारी-शेजारी छापा, जिल्ह्याच्या पानावर नव्हे, मुंबई-पुण्याच्या आवृत्तीत. एका पत्राने काही होणार नाही. एकाच आठवड्यात निफाड, येवला, चांदवड, सिन्नर आणि नाशिक शहरातून शंभर-दीडशे पत्रं गेली तर संपादक खपाच्या विभागाला विचारतील.