विहिरीत पडलेले हरीण

बालाघाटच्या माळांवर आणि धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावांच्या शिवारात वन्यप्राणी जखमी होतो तो बहुधा कठडा नसलेल्या विहिरीत पडून, वाहनाच्या धडकेने किंवा मोकाट कुत्र्यांच्या हल्ल्यात. त्याला वाचवायला सर्पमित्र, प्राणिमित्र धावतात. त्यांच्या कामावर घेतले जाणारे आक्षेप तपासून पाहण्यासारखे आहेत.

निसर्गात दुबळा जीव मरायचाच, माणसाने मध्ये पडू नये, असे म्हटले जाते. लांडग्याने हरीण मारले तर हे म्हणणे योग्यच. तिथे कोणी जाऊ नये. पण विहीर निसर्गाने खोदलेली नाही. घुबडाचा पंख कापणारा नायलॉन मांजाही माणसाचाच. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घालूनही तो विकला जातो. स्वतः केलेली इजा भरून काढण्याला ढवळाढवळ म्हणता येत नाही.

शेतकऱ्याचा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोवळे पीक रातोरात खाणारे हरीण वाचवायचे कशाला? नुकसान खरे आहे, आणि त्यासाठी पंचनामा व भरपाईची तरतूदही आहे. भरपाई अपुरी किंवा उशिरा मिळत असेल, तर जाब शासनाला विचारला पाहिजे. विहिरीत मेलेले हरीण गेलेले पीक परत देत नाही; पिण्याचे पाणी मात्र नासवते.

हे काम सरकारचे, हेही अर्धेच खरे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 नुसार मृत सापडलेला किंवा बेकायदा पकडून ठेवलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. तो ताब्यात आला तर 48 तासांत कळवावे लागते. तेव्हा वनविभागाला डावलून प्राणी घरी ठेवणे चूकच. पण वनरक्षकाकडे अनेक गावे असतात. तो पोचेपर्यंत गर्दी मागे सारणे आणि कुत्री हाकलणे गावातल्याच माणसांना जमते.

अडाणी मदतीने प्राणी मरतो, हा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. काळवीट, चिंकारा अतिशय भित्रे. पाठलाग आणि झटापटीत त्यांचे स्नायू निकामी होऊ लागतात, अंगाचा ताप वाढतो. वरवर धडधाकट दिसणारे हरीण सोडून दिल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनीही दगावते. म्हणून डोळ्यांवर कापड, सावली आणि शांतता हाच त्याचा प्रथमोपचार. तोंडात पाणी ओतू नये. गवतात निपचित बसलेले पाडस बहुतेकदा अनाथ नसते; आईनेच त्याला लपवलेले असते. त्याला उचलून आणणे म्हणजे आईपासून तोडणे होय. सापाला हातात धरून फोटो काढणाऱ्याला तर सर्पमित्र म्हणूच नये.

बचावाची किंमत प्राणी पुन्हा रानात गेला की नाही यावर ठरते. त्यासाठी पशुवैद्यक, पिंजरे आणि माणसांची सवय लागू न देणारी शुश्रूषा हवी. पुण्यात 2007 साली सुरू झालेली रेस्क्यू संस्था वनविभागासोबत असे काम करते. नागपुरात सेमिनरी हिल्सला वनविभागाचे उपचार केंद्र आहे. धाराशिवशेजारच्या बीड जिल्ह्यात तागडगावचे ‘सर्पराज्ञी’ केंद्र आहे. येडशी-रामलिंग घाट अभयारण्य धाराशिव जिल्ह्यातच आहे, आणि 2024च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून वाघ तिथवर आला. असे वन्यप्राणी शेतशिवारांतूनच ये-जा करतात. म्हणून उपचाराची सोय मोठ्या शहरांपुरती न राहता प्रत्येक जिल्ह्यात झाली पाहिजे.

जखमी प्राणी दिसताच वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, आणि शेतातल्या उघड्या विहिरीला येत्या उन्हाळ्याआधी कठडा बांधून घ्यावा.