फोटो ‘आहेत ना ग्रुपवर!’

लग्न झालं, बारसं झालं, सहल झाली; फोटो मागा, उत्तर ठरलेलं: ‘आहेत ना ग्रुपवर!’ ग्रुपवर आहे तो फोटोचा चोथा. रस कधीच गळून गेलाय, आणि त्याबद्दल कुणाला ना खेद ना खंत.

साधा हिशेब बघा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत सव्वा कोटीच्या आसपास ठिपके असतात. जेपेग हे १९९२ सालचं तंत्र त्यांचे ८ बाय ८ चे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देतं. टाकलेलं परत येत नाही. एकदा टाकलं तर बिघडत नाही, म्हणून तर जेपेग तीस वर्षं टिकलं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलं की फोटो लहान होतो, पुन्हा दाबला जातो, आणि तो कधी, कुठे काढला ही फाइलीच्या पोटातली नोंदही पुसली जाते.

‘मोबाइलवर काय फरक दिसतो?’ मोबाइलवर नाहीच दिसत. घरातलं माणूस गेल्यावर दिसतो. भिंतीवर लावायला आजीचा फोटो हवा असतो. तो कुणाच्या तरी बारशाच्या ग्रुप फोटोतून कापून काढतात, मोठा करतात, आणि सुरकुत्यांच्या जागी चौकोन उमटतात. हार काय त्या चौकोनांना घालायचा?

‘मग क्लाउड आहे की!’ क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरातला माळा. फ्लिकरने २०१३ मध्ये १ टेराबाइट जागा फुकट दिली. २०१८ मध्ये मालक बदलला आणि त्याच वर्षी फुकट खात्यांना १००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली. गूगल फोटोजने २०१५ मध्ये ‘हवे तेवढे ठेवा’ म्हटलं. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीत मोजायला घेतले, आणि त्याच १५ जीबीत तुमचं जीमेलही आलं. सवय लागेपर्यंत फुकट, लागली की भाडं. धंदा असाच चालतो, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. राग यावा तो भाड्याच्या खोलीला वडिलोपार्जित वाडा समजणाऱ्या आपल्या आळसाचा.

आयफोनवाल्यांनीही हसू नये. २०१७ पासून तुमचा फोन एचईआयसी फाइली बनवतोय. जागा साधारण निम्मी लागते हे खरं. पण फोटो छापणाऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडत नाही तेव्हा वाचवलेली जागा चाटायची का? कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जेपेगचा पर्याय आहे. तो शोधायला दोन मिनिटं पुरतात.

वेळ नाही, ही सबब सांगू नका. सुप्रभातची गुलाबं उघडायला वेळ असतोच. महत्त्वाचा फोटो पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जशीच्या तशी जाते. वर्षातले दोनशे फोटो निवडा, फोल्डरला साल आणि प्रसंगाचं नाव द्या, दोन हार्ड डिस्कवर उतरवा. एक डिस्क आपल्या घरी, दुसरी बहिणीच्या. आणि फोटोतल्या माणसांची नावं आत्ताच लिहून ठेवा. ती सांगणारी माणसं अजून आहेत तोवर.

दिवाळीत माळा झाडता ना? यंदा फोनही झाडा.