हरित पुरवठ्याचा खर्च कोणाच्या माथी?

मालाचा पुरवठा स्वस्त असावा आणि तो पर्यावरणास घातकही नसावा, या दोन उद्दिष्टांचा मेळ कसा घालावयाचा, याची चर्चा उद्योगपतींच्या परिषदांतून व सरकारी धोरणपत्रकांतून मोठ्या गांभीर्याने चाललेली असते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरणातही या दोन्हींचा उच्चार आहे. उद्दिष्टांना कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ‘खर्च’ म्हणजे कोणाचा खर्च, आणि ‘मेळ’ घातला जातो तो कोणाच्या जिवावर, हे विचारल्याखेरीज ही सारी चर्चा पोकळ ठरते.

आपल्या देशातील मालवाहतुकीचेच उदाहरण घ्या. १९५०-५१ साली देशातील ८० टक्क्यांहून अधिक मालवाहतूक रेल्वेने होत असे. आज रेल्वेचा वाटा एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यास रेल्वेला मालमोटारीपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा लागते. शिवाय ब्रॉडगेज मार्गांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक मार्गांचे विद्युतीकरण झाले आहे. ही वीज अद्याप मुख्यतः कोळशाची असली, तरी समाजाचा एकूण हिशेब मांडला तर दूर पल्ल्याच्या मालासाठी रेल्वे हाच स्वस्त व स्वच्छ मार्ग ठरतो. मग माल रस्त्यावर का गेला?

याचे पहिले कारण सरकारी धोरणात आहे. प्रवासी भाडे सामान्य जनतेस परवडेल असे ठेवणे योग्यच होते. परंतु त्याची तूट अर्थसंकल्पातून भरून काढण्याऐवजी ती मालभाड्यावर लादण्यात आली. त्याच त्या अपुऱ्या मार्गांवर प्रवासी गाड्यांना वाट देत मालगाड्या तासन्‌तास खोळंबत राहिल्या. मालगाड्यांसाठी स्वतंत्र मार्ग उभारणारे महामंडळ स्थापन झाले ते २००६ साली. लुधियाना ते सोननगर हा १३३७ किलोमीटरचा पूर्व मार्ग पुरा होण्यास २०२३ साल उजाडले. दरम्यान महामार्ग मात्र झपाट्याने रुंदावत गेले.

दुसरे कारण अधिक खोल आहे. बड्या कंपनीस रस्ता स्वस्त पडतो, कारण रस्त्याच्या खर्चाचा मोठा भाग तिच्या खतावणीत येतच नाही. कंपनी गोदामातील साठा कमी करते, माल ऐन वेळी मागविते. गोदामाचे काम उभ्या मालमोटारी करतात आणि फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या चालकाच्या तासांचे मोल कोणीच मोजत नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण हा कायदा होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता. देशातील बहुसंख्य मालमोटारी तर एक-दोन गाड्यांच्या लहान मालकांच्या. वाहतुकीचे काम कंत्राटांतून त्यांच्यापर्यंत झिरपत गेले की कायदा वाटेतच गळून पडतो. धूर येतो तो रस्त्याकडेच्या वस्तीच्या वाट्याला. याप्रमाणे खर्च कमी होत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या माथी जातो.

पर्यावरणाच्या नावाने केलेले उपायही याच वाटेने जातात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहनांवर ७०० व १३०० रुपयांचा भरपाई आकार बसविला आणि डिसेंबरमध्ये तो दुप्पट केला. हेतू रास्तच होता. परंतु आकार वसूल होतो तो नाक्यावर, वाहनवाल्याकडून. आत कोणाचा माल आहे, हे कोणी विचारीत नाही. एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज-६ ही मानके लागू झाली, तेव्हाही महागलेल्या गाडीच्या कर्जाचे हप्ते वाहनवाल्यानेच फेडावयाचे होते. याउलट, बड्या सूचिबद्ध कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीतील पर्यावरणीय व सामाजिक परिणामांचा तपशील द्यावा, असे सेबीने २०२३ साली ठरविले, पण डिसेंबर २०२४ मध्ये त्याची मुदत पुढे ढकलून ते ऐच्छिक करण्यात आले. लहानांना सक्ती आणि बड्यांना सवड! या तथाकथित समतोलाचा वर्गीय आशय यापेक्षा स्पष्ट काय असणार?

पर्यावरण हा सुखवस्तूंचा प्रश्न आहे, अशी समजूत आपल्याही काही कार्यकर्त्यांत आढळते. ती सोडली पाहिजे. दिवसभर धूर गिळणारा चालक, हमाल व झोपडवासी हे श्रमिकच आहेत. दुसरीकडे, मालमोटारींवर लाखो कुटुंबांची चूल पेटते आणि शेताच्या बांधापर्यंत रेल्वे जात नाही, हेही तितकेच खरे. म्हणून मालमोटार हटवा ही आपली घोषणा असू शकत नाही. लांबचा पल्ला रेल्वेने व जवळची ने-आण मोटारीने, अशी विभागणी शक्य आहे; मात्र ती होताना चालकांच्या व हमालांच्या कामाची हमी आधी ठरली पाहिजे.

येथे आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. रेल्वेच्या मालात वजनाने जवळजवळ निम्मा वाटा कोळशाचा आहे. उद्या कोळशाचा वापर घटला आणि दुसरा माल रेल्वेकडे वळला नाही, तर रेल्वेची मिळकत ढासळेल, आणि त्याचे निमित्त करून खाजगीकरणाची व भाडेवाढीची मागणी पुढे रेटली जाईल. रेल्वेचा मालवाहतुकीतील वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य राष्ट्रीय रेल्वे योजनेत आहे. ते कागदावर राहू नये, यात रेल्वे कामगारांचेही भवितव्य गुंतलेले आहे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रवासी भाड्यातील तूट अर्थसंकल्पाने उचलावी आणि मालभाडे रास्त करावे. प्रदूषणाचा आकार वाहनवाल्याऐवजी माल धाडणाऱ्या बड्या कंपनीवर बसवावा. पुरवठा साखळीचा हिशेब सक्तीने जाहीर व्हावा, आणि त्यात कार्बनबरोबर चालकाच्या कामाचे तासही मोजले जावेत. मोटार कामगार, रेल्वे कामगार व हमाल यांच्या संघटनांनी या मागण्या एकत्रितपणे हाती घेतल्या, तरच हरित पुरवठ्याचा भार योग्य खांद्यावर जाईल.