ईपीएस-९५ निवृत्तिवेतनधारकांचे निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
(मा. जिल्हाधिकारी यांच्यामार्फत)

विषय : किमान निवृत्तिवेतन दरमहा ७,५०० रुपये करून त्यास महागाई भत्ता लागू करणेबाबत.

महोदय,

आम्ही एसटी, साखर कारखाने, सूतगिरण्या आणि खासगी कंपन्यांतून निवृत्त झालेले कामगार या निवेदनाद्वारे आपणांपुढे आमचे म्हणणे मांडत आहोत.

१६ नोव्हेंबर १९९५ रोजी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना (ईपीएस-९५) लागू झाली. तेव्हापासून मालकाच्या वर्गणीतून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम दरमहा आमच्या पेन्शन फंडात जमा होत गेली. ही पेन्शन म्हणजे खैरात नव्हे, आमच्या श्रमाचा पैसा आहे. २०१३ साली निवृत्त झालेल्या कामगाराचा हिशोब पाहावा. पगार कितीही असो, कमाल मर्यादेमुळे धरला गेला ६,५०० रुपयेच. योजनेच्या सूत्रानुसार त्याला १८ वर्षांच्या सेवेने गुणून ७० ने भागले की येतात १,६७१ रुपये. १९९५ पूर्वीच्या सेवेचे थोडे पैसे त्यावर मिळतात, एवढेच. महागाई भत्ता नसल्याने निवृत्तीच्या दिवशी ठरलेला हा आकडा मरेपर्यंत तोच राहतो. त्यात घरभाडे भागवायचे की रक्तदाबाच्या गोळ्या आणायच्या? कामगाराच्या पश्चात विधवेला याच्याही निम्मे मिळतात.

१ सप्टेंबर २०१४ रोजी किमान पेन्शन १,००० रुपये झाली, ती आजही तेवढीच आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून निराधार वृद्धांना १,५०० रुपये मिळतात. त्यांना ते मिळालेच पाहिजेत. पण ज्याच्या नावे वर्षानुवर्षे वर्गणी जमा झाली, त्याला त्याहून कमी मिळावे, हा सरळ अन्याय आहे. शिवाय १,८०० रुपये पेन्शन असली तरी वर्षाचे २१,६०० होतात आणि २१,००० च्या उत्पन्नमर्यादेमुळे त्या योजनेचे दारही बंद होते.

श्री. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० रुपये आणि महागाई भत्त्याची शिफारस केली होती. ती मान्य झाली असती तर अनेकांचे म्हातारपण सुसह्य झाले असते.

तरी किमान पेन्शन ७,५०० रुपये करून तीस महागाई भत्ता जोडावा आणि पती-पत्नीस मोफत वैद्यकीय उपचार द्यावेत. हयातीच्या दाखल्यासाठी अनेकांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, यंत्रांवर राबून ते झिजले आहेत. अशा वृद्धांची पेन्शन थांबवू नये, घरी येऊन पडताळणी करावी.

आमच्यातील बहुतेक जण सत्तरीपुढचे आहेत. येत्या संसद अधिवेशनातच याबाबत निर्णय जाहीर करावा, ही कळकळीची विनंती.

आपले नम्र,
जिल्ह्यातील समस्त ईपीएस-९५ निवृत्तिवेतनधारक