जाहिरात पैसे देऊन घ्यायची का?

फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा अमेरिकन खेळ पुण्यात शिकणाऱ्या आपल्या काही पोरांपर्यंतही पोचलाय. त्याची चौथी आवृत्ती आली जून २००८ मध्ये. त्याआधीच, डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ ला, कंपनीनं ‘पडद्यामागचं’ सांगणारी दोन पुस्तकं विकली. प्रत्येकी जवळपास २० डॉलर! चित्रं भारी, काय बदललं अन् का, याच्या गप्पाही आहेत. पण खेळायला लागणारे नियमच नाहीत. म्हणजे जाहिरातच, तीही गिऱ्हाइकाच्या पैशानं. चित्रांचा शौक असेल तर खुशाल घ्या. खेळायचंय तर थांबा.

हसू नका, आपल्याकडं वेगळं काय चाललंय? एमपीएससीची वर्णनात्मक मुख्य परीक्षा २०२३ पासून, असं ठरलं. पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि ती २०२५ वर गेली. ‘नवा पॅटर्न’ छापलेली पुस्तकं ज्यांनी आधीच घेतली, त्यांचं काय? खेळवाल्याचा निदान शौक तरी भागला. इथं बापानं मानवतच्या मार्केटात कापूस घालून पाठवलेला पैसा असतो.

आयोगाचा अभ्यासक्रम वेबसाइटवर फुकट आहे. आधी तो वाचा. पुस्तकाचं परीक्षेची जाहिरात निघाल्यावर बघू.